पाठीवरचा निळा डाग

गेल्या श्रावणात आठ दिवस बडोद्याला होतो. आमच्या आक्काच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते आणि मुलगा-सून परगावी. दाजींनी फोनवर "काही गरज नाही, आम्ही दोघं पुरेसे आहोत" असे तीनदा सांगितले, तेव्हाच मी ओळखले की गरज आहे. कॉलेजात रजेचा अर्ज दिला आणि गाडी पकडली.

आक्का तीस वर्षे बडोद्यात आहे. फतेहगंज ओलांडून छाणीच्या बाजूला निघाले की निजामपुरा लागतो. तिथल्या एका जुन्या सोसायटीत तिचे बैठे घर आहे. दाजी एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झाले. बडोद्यात मराठी माणसाची पंचाईत होत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा १८७५ साली तिथे दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. त्याच्या आधीपासून तिथे मराठी घरे आहेत. पण आक्काचे मराठी त्या मराठी शेजारणींनाही नीट कळत नाही, कारण ते आमच्या निपाणी-चिकोडीकडचे. अण्णा मराठी, अव्वा चिकोडीकडची कन्नड. आक्का हिशोब मराठीत करते, रागावते कन्नडात. माझे केस पिकले तरी मी तिचा 'तम्मा'च आहे.

गुजरातेत जुन्या सोसायट्यांना मधोमध एक मोकळी जागा ठेवलेली असते. तिला सगळे 'कॉमन प्लॉट' म्हणतात. लग्नाचा मांडव तिथे, मुलांचे क्रिकेट तिथे आणि नवरात्रात नऊ रात्री गरबा तिथेच. आक्काच्या सोसायटीने या प्लॉटवर हिरवळ केली आहे. आठ गुंठ्यांची जागा असेल. दाजी कमिटीत असल्याने त्या हिरवळीची काळजी त्यांच्या गळ्यात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला मोठा पूर आला, त्यात बडोद्याचे फार हाल झाले. त्यानंतर प्लॉटच्या खोलगट भागात कुठून तरी आणून मातीचा भराव टाकला. त्या मातीबरोबर लव्हाळा आला.

लव्हाळा काय चीज आहे हे आपल्या भागात सांगायला नको. वरून उपटला तर पान हातात येते आणि गाठ जमिनीत राहते. एका गाठीच्या दहा होतात. उसाच्या सरीत लव्हाळा शिरला की माणूस खुरपून खुरपून टेकीला येतो. दाजींनीही दोन महिने माळी लावून खुरपून घेतले होते. उपयोग शून्य.

गंमत अशी, की लव्हाळा ज्या गवताला गिळत होता ते गवत म्हणजे आपली हरळी. जगभरच्या उष्ण भागात क्रिकेटची आणि गोल्फची मैदाने याच हरळीची किंवा तिच्या भाऊबंदांची असतात. आपल्याकडे शेतात ती शिरली की शेतकरी कपाळाला हात लावतो आणि चतुर्थीला तिच्याच एकवीस जुड्या गणपतीला वाहतो. शेतात हरळी, देवघरात दूर्वा, कन्नडात गरिके. अव्वा विहिरीजवळच्या बांधावरून परडीभर गरिके खुडून आणायची. बडोद्यात मात्र तीच हरळी वाचवण्यासाठी माणूस बोलावला होता.

तो मुलगा क्रिकेटच्या मैदानांची निगा राखण्याची कामे घेणाऱ्या एका ठेकेदाराकडचा होता. पंचविशीचा असेल. चार दिवस पाऊस झाल्यावर एका सकाळी उघडीप पडली. वारा नव्हता. तो पाठीवरचा पंप, एक पुडी आणि एक बाटली घेऊन आला. पुडीवरचे नाव वाचून मी चमकलो. हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल. उसातल्या लव्हाळ्यासाठी आपल्याकडे दुकानात मिळते तेच. उसाला त्याचे प्रमाण एकरी छत्तीस ग्रॅम. म्हणजे गुंठ्याला एक ग्रॅमसुद्धा नाही. त्या हिशेबाने आठ गुंठ्यांच्या प्लॉटला सात ग्रॅम. चिमूटभर पावडर एवढ्या जागेवर सारखी पसरायची, हे काम वाटते तितके सोपे नाही.

मग त्याने बाटली उघडली आणि पंपात थोडेसे ओतले. पंपातले पाणी शाईसारखे निळे झाले. दाजी दचकले. "अरे, हे काय? हिरवळ निळी करणार काय?" तो हसला आणि गुजरातीत म्हणाला, "काका, कुठे मारलं ते मला दिसायला नको का?"

मी खुर्ची टाकून बघत बसलो. तो एका कडेने सरळ चालत गेला. मागे निळसर पट्टा उमटत होता. टोकाला वळला आणि परतताना पहिल्या पट्ट्याची कड धरून दुसरा पट्टा घेतला. कुठे बोटभर जागा सुटली तर लगेच दिसायची. कुठे दोनदा पडले तर रंग गडद व्हायचा. मध्येच एका ठिकाणी नुसते थेंब ओघळू लागले, तर त्याने थांबून नोझल काढले, धुतले, पुन्हा बसवले. रंग नसता तर हे त्याला कळले नसते.

याची गरज का पडते तेही त्याने सांगितले. हे तणनाशक मारले की लव्हाळा दुसऱ्या दिवशी मरत नाही. पिवळा पडून वाळायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर कुठे सुटले आणि कुठे दुप्पट झाले ते कळायला मार्ग नाही. सुटले तिथे लव्हाळा हसत उभा राहतो. दुप्पट पडले तिथे चांगले गवतही पिवळे पडते. साध्या पाण्याचे फवारे गवतावर पडून लगेच दिसेनासे होतात. म्हणून मैदानांवर काम करणारे लोक हा खुणेचा रंग वापरतात. तो पाण्यात विरघळणारा असतो. तण मारण्याचे काम तो करत नाही, फक्त जागा दाखवतो. हिरव्यावर निळा चांगला उठून दिसतो म्हणून बहुतेक ठिकाणी निळाच. ऊन आणि पाणी लागले की दोन-चार दिवसांत उडून जातो. कपड्यावर किंवा फरशीवर पडला तर मात्र सहज निघत नाही.

तासाभरात काम झाले. चारी बाजूंना दोरी बांधून त्याने बजावले, की आज कोणी आत पाऊल टाकायचे नाही. मुले हिरमुसली. निळा प्लॉट बघायला गल्लीतल्या बायका आल्या. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी हे लिहायलाही बसलो नसतो.

दुपारी घरातून आक्काचा आवाज आला. कन्नडात. मी धावत गेलो. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत पांढऱ्या फरशीवर निळी पावले उमटली होती. दाजी काम नीट झाले का हे बघायला दोरी ओलांडून गेले होते आणि तीच चप्पल घालून पाणी प्यायला आत आले होते. ओट्याशी दोन ठसे, माठाशी एक. माठाच्या ओगराळ्याच्या दांड्यावर निळा अंगठा. सोसायटीतले कुत्रेही त्या गवतातून फिरून आक्काच्या पायरीवर येऊन बसले होते. त्याचे चारही पंजे निळे.

आक्का ओरडत होती ती फरशी खराब झाली म्हणून. पण माझे डोके दुसरीकडेच गेले. रंग होता म्हणून पावले दिसली. रंग नसता तर दाजी असेच आत आले असते, असेच पाणी प्यायले असते आणि आम्ही त्याच फरशीवर मांडी घालून जेवलो असतो.

तो मुलगा नळावर पंप धूत होता. त्याने गमबूट, हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा असे सगळे घातले होते. हातमोजे काढले तर मनगटाभोवती निळे कडे. तो पाठमोरा झाला आणि मला दिसले, की सदऱ्याच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, हाताच्या पंजाएवढा निळा डाग आहे. पंपाचे झाकण कुठेतरी झिरपत होते. मी त्याला दाखवले. तो म्हणाला, "वायसर गेलंय. आज बदलतो." सहज म्हणाला. त्याला डाग दिसला, म्हणून वायसर बदलणार.

त्या रात्री आक्काला झोप नव्हती. गुडघा ठणकत होता. मी पाय चेपत बसलो. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "तम्मा, अव्वाचे हात आठवतात का रे तुला?"

मलाही दुपारपासून तेच आठवत होते.

आमचा चार एकर ऊस. नव्वदच्या दशकात अण्णा स्वतः पंप मारायचे. कधी अट्राझीन, कधी टू-फोर-डी, किडीसाठी आणखी काही. पायात काही नाही, अंगात जुना सदरा. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा सदऱ्याची पाठ ओली असायची. तो घाम असे आम्ही समजायचो. घामही असेल. सदऱ्याला उग्र वास यायचा. तो सदरा अव्वा विहिरीवर हाताने धुवायची, पिळायची, पुन्हा धुवायची. वास जात नाही म्हणून जास्तच चोळायची. लग्नाआधी आक्काही धुवायची. अव्वाच्या तळहातांची कातडी सोलवटायची, बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या. भाकरीचे पीठ मळताना मिठाने चरचरायचे. रात्री खोबरेल लावून बसायची. कोणी विचारले तर एकच उत्तर: "होगली बिडु." जाऊ दे, सोड.

डॉक्टरांनी मलम दिले होते. ते लावले की थोडे बरे वाटायचे. हात कशामुळे तसे होतात हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. साबणाने असतील, चुन्याने असतील, फवारणीच्या सदऱ्यांनी असतील. अव्वा जाऊन सात वर्षे झाली. आता कोणी सांगू शकणार नाही. मीही छातीवर हात ठेवून 'त्यानेच' असे म्हणत नाही. पण त्या सदऱ्याच्या पाठीवर निळा डाग असता तर अव्वाने तो डाग बघून एकदा तरी विचारले असते, "हे काय आहे?" आणि मग तिने तो सदरा बाकीच्या कपड्यांपासून वेगळा टाकला असता.

माझ्या मनाला लागलेली गोष्ट आणखी एक आहे. त्या डब्यांबरोबर घडीचा कागद यायचा. मुंगीएवढ्या अक्षरांत, अनेक भाषांत. काय घालावे, कसे धुवावे, विषबाधा झाली तर काय करावे, असे सगळे त्यात असते. डब्यावर चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या त्रिकोणाला रंग असतो. लाल म्हणजे अति तीव्र विष, पिवळा त्याखालचा, मग निळा, मग हिरवा. घरात शिकणारा मी एकटा. अण्णांनी मला शेतात राबू दिले नाही. "तू शीक" म्हणाले. मी एम.ए. झालो, शेकडो पुस्तके वाचली, मुलांना वाचायला शिकवतो. पण तो कागद एकदाही उलगडून अव्वाला वाचून दाखवला नाही. मराठीत वाचला असता, कन्नडात सांगितला असता. पाच मिनिटांचे काम होते.

आपल्या भाषेचाही यात थोडा दोष आहे. आपण मराठीत म्हणतो 'औषध मारायचे', कन्नडात म्हणतात 'औषधी होडियोदु'. दोन्ही भाषांत ते औषधच आणि दोन्ही भाषांत ते मारायचेच. औषध म्हटले की भीती जाते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. ती कीटकनाशके होती, तणनाशकांपेक्षा पुष्कळ तीव्र. पण वाट तीच. फवारणाऱ्याच्या अंगात विष शिरते ते बहुतेक कातडीतून, ओल्या पाठीतून, ओल्या पायांतून. नाकाने वास घेतला तेवढेच गेले असे आपण समजतो, ते खरे नव्हे.

बडोद्याहून निघताना दाजींनी विचारले, "इथून काय नेणार? लिलो चेवडो की भाकरवडी?" मी म्हणालो, "दोन्ही. आणि केकवर घालतात तो निळा रंग." त्या मैदानवाल्या मुलानेच सुचवले होते. खुणेचा रंग गावाकडे मिळाला नाही तर खाण्याचा निळा रंग साध्या पाण्यात घालायचा आणि औषध न घालता रिकामी फवारणी करून बघायची. आपले पाणी कुठे कुठे जाते ते कळते.

गावी दादा शेती बघतो. मी पंपात रंग कालवू लागलो तेव्हा तो वहिनीला म्हणाला, "प्रोफेसर आलेत शेती शिकवायला. चहा ठेव." पण पंप पाठीवर घेतला. मी म्हटले, रोज जसे मारतोस तसेच मार. त्याने विहिरीकडच्या बांधावर अर्धा पंप मारला. या बांधावर तो दरवर्षी ग्लायफोसेट मारतो. समोर येईल ते हिरवे मारणारे हे तणनाशक २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 'संभाव्य कर्करोगकारक' गटात टाकले. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याला ते मान्य नाही, वाद चालूच आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या केंद्र सरकारने ते परवानाधारक कीडनियंत्रण चालकांमार्फतच वापरावे असा आदेश काढला. हे मी दादाला सांगितले. तो म्हणाला, "आपल्या गावात तो परवानावाला कुठं हाय, तेवढं सांग." मला उत्तर देता आले नाही.

पंप उतरवल्यावर मात्र दादा स्वतःच गप्प झाला. दोन्ही पाय घोट्यापर्यंत निळे, कारण तो पुढे मारत जात होता आणि मारलेल्या गवतातूनच चालत होता. पाठीवर डाग होताच, झाकणाखाली, अगदी त्या मुलाला होता तिथे. वहिनीने सदरा बघितला आणि म्हणाली, "आणि हा मी पोरांच्या युनिफॉर्मबरोबर मशीनला टाकते." विहिरीच्या कठड्यावर निळे ठिपके होते. आणि बांधाच्या त्या टोकाला, जिथून अव्वा चतुर्थीची गरिके खुडायची, तिथल्या हरळीवरही बारीक निळी बुंदी उडाली होती. तिथे दादाने नोझल नेलेही नव्हते. वाऱ्याने गेले होते.

वहिनी म्हणाली, "चतुर्थी आठ दिवसांवर आलीय. दरवर्षी मी इथनंच आणते."

त्यानंतर आमच्या घरी जे ठरले ते कोणालाही करता येण्याजोगे आहे, म्हणून लिहितो. पंपाचे वायसर दर हंगामाला बदलायचे. पाठीला प्लॅस्टिकचा कागद, पायात गमबूट, हातात मोजे. मागे सरकत मारायचे, म्हणजे मारलेल्यातून चालावे लागत नाही. वारा असेल तर त्या दिवशी सुट्टी. एक गुंठा जागा मोजून साध्या पाण्याने फवारून बघायची, किती लिटर लागते ते लिहून ठेवायचे. दादाला गुंठ्याला पाच लिटर लागले, म्हणजे एकराला दोनशे. आजवर तो एकरी आठच पंप मारत होता, सोळा लिटरचे. म्हणजे एकतर पळत मारत होता किंवा पट्टे सुटत होते. फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे, हातमोजे घालून. आणि तसेच स्वयंपाकघरात यायचे नाही, आधी साबणाने आंघोळ.

यातले दादा किती पाळेल हे मला माहीत नाही. मी परत कॉलेजात आलो, तो त्याच्या उसात. पण परवा बडोद्याहून आक्काचा फोन आला. लव्हाळा बराच गेला, नवरात्रात गरबा झाला, फरशीवरचा एक ठसा अजून गेलेला नाही. दाजी पुसायला निघाले होते, तिने पुसू दिला नाही.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा बांधावर चक्कर मारली. विहिरीपासून दोन वाव अंतरावर दादाने चार खुंट्या ठोकून दोरी बांधली आहे. पलीकडचा बांध वाळून पिवळा, अलीकडे हरळी हिरवीगार. मी दादाला विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही. वहिनी म्हणाली, "तिथं औषध मारायचं नाही म्हणून सांगितलंय त्यांनी गड्याला. अव्वाची जागा म्हणे."